रक्तवाहिन्यांचा दाह असताना कोलेस्टेरॉल आणि लिपोप्रोटीन (ए) : तपासणी कधी, कशी आणि रिपोर्ट कसा वाचायचा

ताकायासू, जायंट सेल आर्टेरायटिस, एएनसीए व्हॅस्क्युलायटिस, बेहसेट किंवा ल्युपस असा रक्तवाहिन्यांना दाह (व्हॅस्क्युलायटिस) आणणारा आजार असलेल्या रुग्णाच्या फायलीत लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीचा, एखादा कागद बहुधा असतोच. पण तो भलत्याच दिवशी काढलेला असतो, सोबत सीआरपी (रक्तातले दाहाचे माप) नसतो आणि लिपोप्रोटीन (ए), म्हणजे धमनीचा धोका वाढवणारा, प्रामुख्याने आनुवंशिक असा चरबीचा कण, तपासायला कुणी सांगितलेलेच नसते. मग त्या अर्धवट कागदावर विसंबून पुढची पाच वर्षे काढली जातात, आणि चाळिशीच्या आतच हृदयाची किंवा मेंदूची धमनी अरुंद झाल्याचे कळते.

दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. दाह भडकलेला असताना एलडीएल ("वाईट" कोलेस्टेरॉल) आणि एचडीएल ("चांगले") दोन्ही खाली येतात, त्यामुळे रिपोर्ट चांगला वाटतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. उपचार लागू पडला की तेच आकडे वर चढतात आणि रुग्ण म्हणतो, "औषधाने कोलेस्टेरॉल वाढवले." काही जण तेवढ्यावरून औषध बंदही करतात. यातली दुसरी चूक जास्त घातक, कारण औषध सुटले की दाह परत येतो आणि धमनीची भिंत दाहानेही खराब होते, चरबीनेही.

खालचा क्रम प्रौढ रुग्णांसाठी आहे. कावासाकी (लहान मुलांतला रक्तवाहिन्यांचा दाह) झालेल्या मुलांचा मार्ग वेगळा, तो बालहृदयरोगतज्ज्ञांकडेच ठरवावा.

## १. आधी फाईल लावा

रक्त द्यायला जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर पुढची माहिती लिहून काढा. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत डॉक्टरांसमोर मिळणारा वेळ थोडा असतो. हा कागद असला की तो वेळ कामी येतो.

- आजाराचे नेमके नाव, निदान कोणत्या वर्षी झाले, कोणत्या धमन्या बाधित आहेत (अँजिओग्राफी किंवा डॉपलरच्या रिपोर्टातून जसेच्या तसे उतरवा).
- प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) कधी सुरू झाले, सर्वांत जास्त डोस किती होता, आज किती आहे.
- चालू असलेली सगळी औषधे, आयुर्वेदिक काढे आणि पुड्यांसह.
- आई, वडील, भावंडे यांच्यापैकी कुणाला पुरुष असल्यास ५५ आणि स्त्री असल्यास ६५ वर्षांच्या आत हृदयविकार किंवा अर्धांगवायू झाला का.
- तंबाखू, बिडी, सिगारेट, दारू यांचे खरे प्रमाण.

काढे आणि पुड्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. ज्येष्ठमधाचा काढा रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम कमी करतो; स्टेरॉइडसोबत तर दोन्ही परिणाम वाढतात. सांधेदुखीच्या बिनलेबलाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तसे असेल तर साखर, रक्तदाब आणि लिपिड का चढतात हे कुणालाच उलगडत नाही.

## २. योग्य दिवस निवडा

हा टप्पा बहुतेक जण वगळतात, म्हणून इथे जरा थांबू.

एकाच चाचणीने काम भागत नाही. किमान तीन वेळा मोजावे लागते. पहिली वेळ निदानाच्या सुमारास, शक्यतो स्टेरॉइड सुरू होण्याआधी. हे आकडे खोटे कमी असतील, पण पुढे किती बदल झाला हे कळायला तेच लागतात. दुसरी वेळ नवे औषध सुरू झाल्यावर: टोसिलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब (दाह रोखणारी औषधे) असेल तर ४ ते ८ आठवड्यांनी, केवळ स्टेरॉइड असेल तर साधारण तीन महिन्यांनी. तिसरी वेळ दाह शांत झाल्यावर, म्हणजे लक्षणे नाहीत, ईएसआर (दाहाचे आणखी एक माप) आणि सीआरपी सलग दोन तपासण्यांत ताब्यात आहेत आणि स्टेरॉइडचा डोस कमी होऊन स्थिरावला आहे. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) अजून सुरू झाले नसेल तर धोक्याचा खरा अंदाज या तिसऱ्या आकड्यांवर बांधायचा.

समजा, दाह भडकला असताना एकूण कोलेस्टेरॉल १४८, एचडीएल २८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) १५०, म्हणजे एलडीएल ९० (सगळे मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटर), आणि सीआरपी ६२ मि.ग्रॅ. प्रति लिटर. सहा महिन्यांनी सीआरपी ४ आणि एकूण कोलेस्टेरॉल २१२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १९०, म्हणजे एलडीएल १३६. यात स्टेरॉइडचा वाटा असतो, पण बराचसा भाग आगीखाली दबलेला मूळ आकडा वर आल्याचा असतो. पहिला कागद पाहून "कोलेस्टेरॉल नॉर्मल" म्हणणे जितके चूक, तितकेच दुसरा पाहून उपचारांना दोष देणे चूक.

सावध: पावसाळ्यात गोव्यात डेंग्यू आणि लेप्टोचे ताप असतात. अशा तापातही लिपिड खाली येतात आणि सीआरपी वर जातो. ताप उतरल्यावर सहा आठवडे जाऊ द्या, मग रक्त द्या.

सावध: टोसिलिझुमॅब चालू असताना सीआरपीवर भरवसा ठेवू नका. हे औषध दाह पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-६ या प्रथिनाचा मार्गच अडवते, त्यामुळे आत दाह असला तरी सीआरपी कमी दिसू शकतो. अशा रुग्णात लक्षणे, नाड्या आणि इमेजिंग पाहूनच दाह शांत आहे का ते ठरते.

## ३. चिठ्ठीवर काय लिहून घ्यायचे

नुसते "लिपिड प्रोफाइल" पुरत नाही. डॉक्टरांकडून पुढच्या तपासण्या एकाच दिवसासाठी लिहून घ्या:

१. लिपिड प्रोफाइल, आणि शक्य असल्यास ॲपोलिपोप्रोटीन-बी (एलडीएलसारख्या कणांवरचे प्रथिन).
२. लिपोप्रोटीन (ए), एकदाच.
३. ईएसआर आणि सीआरपी.
४. टीएसएच. थायरॉइड मंद असला तर एलडीएल वाढतो, आणि त्याचा इलाज स्टॅटिनने सुरू होत नाही.
५. क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवीतील प्रथिने. लघवीतून प्रथिने जात असतील तर एलडीएलही वाढतो आणि लिपोप्रोटीन (ए) सुद्धा.
६. एसजीपीटी (यकृतासाठी) आणि सीपीके (स्नायूंसाठी).
७. उपाशीपोटीची साखर, दुपारच्या जेवणानंतरची साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर).

जेवणानंतरची साखर गाळू नका. सकाळी घेतलेले प्रेडनिसोलोन दुपारी आणि संध्याकाळी साखर चढवते. उपाशीपोटीची साखर अगदी सरळ येऊ शकते. ॲनिमिया असेल तर एचबीए१सी वरही पूर्ण विसंबता येत नाही.

लिपोप्रोटीन (ए) बद्दल एक गफलत नेहमी होते. लॅबच्या यादीत "ॲपो ए-१" नावाची वेगळी तपासणी असते. ती एचडीएलमधल्या प्रथिनाची असते आणि तिचा याच्याशी काही संबंध नाही. पैसे भरण्याआधी पावतीवरचे नाव वाचा. छोट्या लॅबमधून ही तपासणी बाहेर पाठवली जाते, रिपोर्टाला काही दिवस लागतात. काणकोण किंवा सत्तरीहून ओपीडीला यायचे असेल तर रक्त आठवडाभर आधी तालुक्याच्या गावीच द्या.

तपासा: "हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी" ही तपासणी निरोगी माणसाच्या हृदयाच्या धोक्यासाठी असते. सक्रिय व्हॅस्क्युलायटिसमध्ये तिच्यावरून हृदयाचा धोका काढता येत नाही, तेव्हा त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

## ४. रक्त देण्याची सकाळ

लिपिडसाठी उपास दर वेळी लागतोच असे नाही. ट्रायग्लिसराइड आधी ४०० च्या वर आले असेल किंवा साखरही सोबत पाहायची असेल तर १० ते १२ तास काही खाऊ नका. पाणी प्या, चहा नको. आदल्या दोन-तीन दिवसांत दारू नको. फेणीचे दोन पेग ट्रायग्लिसराइड सहज वर नेतात. सीपीके असल्यामुळे दोन दिवस जड व्यायाम किंवा अंगमेहनत टाळा, आणि स्नायूत इंजेक्शन घेतले असेल तर लॅबला सांगा. बसून दहा मिनिटे झाल्यावरच रक्त द्या.

स्टेरॉइडची गोळी चुकवायची नाही. रक्त दिल्या दिल्या काहीतरी खाऊन घ्या आणि गोळी घ्या. महिनोन्महिने प्रेडनिसोलोन घेणाऱ्याचे शरीर स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे कमी करते. गोळ्या अचानक बंद झाल्या तर रक्तदाब कोसळू शकतो.

दर वेळी तीच लॅब ठेवा.

## ५. रिपोर्ट वाचताना

उजवीकडे छापलेली "नॉर्मल रेंज" तुमच्यासाठी नाही. ती सगळ्यांसाठी एकच असते. तुमचा आजार तिला ठाऊक नसतो. पुढच्या क्रमाने पाहा.

आधी सीआरपी. तो वाढलेला असेल तर रिपोर्टावर पेनाने "दाह चालू" असे लिहा आणि एलडीएलचा आकडा "किमान इतका तरी" असा धरा.

मग नॉन-एचडीएल. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. वरच्या उदाहरणात २१२ वजा ३८, म्हणजे १७४. स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णात ट्रायग्लिसराइड चढलेले असते, आणि तेव्हा एलडीएलपेक्षा हा आकडा जास्त विश्वासाचा.

मग एलडीएल. बऱ्याच लॅब तो मोजत नाहीत, काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले की हे गणित कोलमडते. रिपोर्टावर "डायरेक्ट" की "कॅल्क्युलेटेड" लिहिले आहे ते पाहा.

शेवटी लिपोप्रोटीन (ए), आणि त्याआधी त्याचे एकक. काही लॅब मि.ग्रॅ. प्रति डेसीलिटर देतात, काही नॅनोमोल प्रति लिटर. ३० मि.ग्रॅ. किंवा ७५ नॅनोमोलच्या खाली धोका कमी. ५० मि.ग्रॅ. किंवा १२५ नॅनोमोलच्या वर तो वाढलेला समजतात. मधला पट्टा इतर धोक्यांसोबत वाचायचा. एका एककाचे दुसऱ्यात गुणाकाराने रूपांतर करू नका: या कणाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे एकच गुणक सगळ्यांना लागू पडत नाही.

हा आकडा प्रामुख्याने आनुवंशिक असतो, म्हणून साधारणपणे आयुष्यात एकदा तपासला की पुरतो. व्हॅस्क्युलायटिसमध्ये मात्र एक अपवाद करावा. इंटरल्युकिन-६ मुळे यकृत हा कण जास्त बनवते, तेव्हा भडक्यात वाढलेला आला तर दाह शांत झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. टोसिलिझुमॅबवर तो ठळकपणे खाली येतो. त्या काळात काढलेल्या आकड्याला तुमचा कायमचा आकडा मानू नका.

सावध: गळ्याच्या डॉपलरमध्ये "भिंत जाड" लिहून आले की लगेच चरबीचा थर समजू नका. ताकायासूत कॅरोटिडची (गळ्यातल्या धमनीची) भिंत सगळीकडून सारखी जाड होते, रेडिऑलॉजिस्ट त्याला मॅकरोनी साइन म्हणतात. चरबीचा थर बहुधा एका बाजूला आणि फाट्यापाशी असतो. सोनोग्राफी करणाऱ्याला आजाराचे नाव आधीच सांगा आणि रिपोर्टात "एकसारखी जाडी की प्लाक" हे स्पष्ट लिहून मागा. तरुण रुग्णात कॅल्शियम स्कोर (सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांतले कॅल्शियम) शून्य आला म्हणून धमनी साफ आहे असेही होत नाही. ताजा थर आणि दाह यांत कॅल्शियम नसते.

## ६. रक्तदाब चारही अंगांत

लिपिडचा उपचार किती कडक करायचा हे रक्तदाबावरही ठरते, आणि ताकायासूत तो सर्रास चुकीचा मोजला जातो. हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद असेल तर त्या हातात ११०/७० दिसेल आणि महाधमनीत १७० असेल. हृदय आणि मूत्रपिंड मात्र १७० झेलत राहतात.

१. लघवी करून या, पाच मिनिटे शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीवर.
२. उजव्या हातात मोजा, मग डाव्या. कफ दंडाला पुरेसा मोठा हवा.
३. वरच्या आकड्यात १० पेक्षा जास्त फरक आला तर दोन मिनिटांनी पुन्हा मोजा.
४. फरक कायम राहिला तर जास्त आकड्याचा हात तुमचा हात. तो फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा.
५. दोन्ही हातांच्या नाड्या मंद असतील तर पालथे झोपून मांडीला मोठा कफ लावून मोजून घ्या. निरोगी माणसात पायाचा वरचा आकडा हातापेक्षा १० ते २० ने जास्त असतो.
६. पायांच्या धमन्याही बाधित असतील तर कफ निरुपयोगी. अँजिओग्राफीच्या वेळी महाधमनीतला दाब नोंदवायला सांगा.

तपासा: घरचे डिजिटल यंत्र बाधित हाताला लावून "बीपी नॉर्मल आहे" असे कुणी म्हणत नाही ना?

## ७. लक्ष्य आणि औषध ठरवताना

संगणकावरचे धोका मोजणारे तक्ते वय पाहून चालतात. ३२ वर्षांच्या बाईचा दहा वर्षांचा धोका ते जवळपास शून्य दाखवतात, आणि व्हॅस्क्युलायटिसचा रकाना बहुतेकांत नसतोच. एएनसीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये फ्रॅमिंगहॅम हा असाच एक तक्ता धोका कमी दाखवतो हे माहीत आहे. तेव्हा तक्त्याचा आकडा किमान समजून डॉक्टरांशी बोला.

भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली दिलेली लक्ष्ये अशी: जास्त धोका असेल तर एलडीएल ७० च्या खाली आणि नॉन-एचडीएल १०० च्या खाली; धमनीचा आजार सिद्ध झाला असेल तर एलडीएल ५५ आणि नॉन-एचडीएल ८५ च्या खाली. तुम्ही कोणत्या गटात, हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा आणि उत्तर आकड्यात लिहून घ्या. लिपोप्रोटीन (ए) ५० मि.ग्रॅ. किंवा १२५ नॅनोमोलच्या वर असेल तर तेही तेव्हाच समोर ठेवा.

पहिले औषध स्टॅटिन. डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, तर १० मि.ग्रॅ. एझेटिमाइब (कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी) जोडल्याने सुमारे वीस टक्के. म्हणून लक्ष्य हुकले की दर वेळी स्टॅटिनच वाढवत नेण्यापेक्षा जोड देणे बऱ्याचदा सोयीचे. स्टॅटिनने लिपोप्रोटीन (ए) उतरत नाही, कधी किंचित वाढतोसुद्धा. त्यामुळे "गोळी घेऊनही तो आकडा तसाच" म्हणून गोळी सोडू नका. तो कण नाही तर निदान एलडीएल तरी कमी ठेवणे आपल्या हातात आहे. पीसीएसके-९ रोखणारी इंजेक्शने एलडीएल निम्म्याहून खाली आणतात आणि लिपोप्रोटीन (ए) पाव ते तिसरा हिस्सा, पण ती महाग आहेत.

औषधांच्या टकरी इथेच होतात:

- कोल्चिसिन (बेहसेटमध्ये नेहमीचे) आणि स्टॅटिन: स्नायू दुखणे, अशक्तपणा. मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्त.
- सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे) आणि स्टॅटिन: रक्तातले स्टॅटिन कित्येक पट वाढते. डॉक्टरांनी डोस बदलल्याशिवाय घेऊ नका.
- क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल: सर्दी-खोकल्याला किंवा गजकर्णाला दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. आधी स्टॅटिनची चिठ्ठी दाखवा.
- मेथोट्रेक्सेट (दाह दाबणारे) आणि दारू: यकृतावर दुहेरी भार. एसजीपीटी वाढला की दोष स्टॅटिनच्या माथी जातो.

मांड्यांत बळ नाही, जमिनीवरून उठता येत नाही अशी तक्रार आली तर औषध बंद करण्याआधी सीपीके करा. स्टेरॉइडमुळे आलेल्या अशक्तपणात सीपीके सहसा सरळ असतो आणि दुखत नाही. स्टॅटिनमुळे दुखते आणि गंभीर असेल तर सीपीके चढतो. लघवी कोकमाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सावध: ताकायासू बहुतांशी तरुण मुलींना होतो. मूल हवे असेल तर स्टॅटिन आणि मेथोट्रेक्सेट या दोन्हींबद्दल गर्भ राहण्याच्या कित्येक महिने आधी बोलायला हवे. ॲस्पिरिनही कुणाच्या सांगण्यावरून स्वतः सुरू करू नका.

## ८. स्वयंपाकघर

आहाराने लिपोप्रोटीन (ए) हलत नाही, हे आधीच समजून घ्या. एलडीएल, ट्रायग्लिसराइड, साखर आणि रक्तदाब मात्र हलतात.

मासळी सोडायची नाही. बांगडे, तारले, पेडवे हे सगळे चांगले; बिघडते ते रव्यात घोळून भरपूर तेलात तळल्याने आणि हुमणातल्या (मासळीच्या आमटीतल्या) नारळाने. खोबरेल तेलातली ८० टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त असते. चार माणसांच्या हुमणाला अख्खा नारळ लागत असेल तर अर्ध्यावर आणा, आंबट-तिखट तेवढेच ठेवा. सोलकढीऐवजी नारळ न घातलेले तिवळ (कोकमाचे सार). बांगडा तव्यावर थोड्या तेलात किंवा केळीच्या पानात भाजून.

मिठाकडे १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात जास्त लक्ष द्या. ताजी मासळी नसते, सुके बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी) आणि खारे (खारवलेली मासळी) रोज पानात येते, त्यावर पापड आणि लोणचे. दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर, आणि सुक्या मासळीतले त्यातच धरलेले. त्या दोन महिन्यांत अळसांदे (चवळी), मूग, चण्याची उसळ वाढवा. चोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) सणावारापुरते.

तंबाखू पूर्ण बंद, चघळायचाही.

## ९. पुन्हा कधी

औषध सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड आणि एसजीपीटी. लक्ष्य गाठल्यावर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. दाह भडकला किंवा दाहाचे औषध बदलले की वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक वेळी तारीख, सीआरपी, प्रेडनिसोलोनचा डोस, एलडीएल आणि नॉन-एचडीएल हे पाच रकाने एका ओळीत लिहा. सुटे रिपोर्ट चाळण्यापेक्षा असा एक तक्ता डॉक्टरांना लवकर कळतो.

छातीत दाब, धाप, जबडा किंवा हात भरून येणे, अचानक एका डोळ्याने न दिसणे, बोलणे अडखळणे: यातले काहीही झाले तर १०८ ला फोन करा, वय कमी आहे म्हणून ॲसिडिटी समजून गोळी घेत बसू नका. गोव्यात स्टेमी (हृदयविकाराचा मोठा झटका) प्रकल्पाखाली ठरावीक आरोग्य केंद्रांत ईसीजी काढून बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवण्याची सोय आहे. रुग्णवाहिकेत चढताच आजाराचे नाव, स्टेरॉइडचा डोस आणि कोणत्या हातात रक्तदाब मोजायचा हे सांगा.

लिपोप्रोटीन (ए) वाढलेला निघाला तर सख्खी भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करून घ्या. त्यांना व्हॅस्क्युलायटिस नसला तरी हा आकडा वारशाने आलेला असू शकतो, आणि त्यांच्यासाठी एकदाच दिलेले रक्त पुरते.